ज्याच्यावाचून अडतं, तो तिथंच राहतो

नोकरीतली बढती आणि समाधान या विषयावर आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. सगळी सांगली-साताऱ्याकडची आहेत. नावं छापलेली नाहीत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. प्रत्येक पत्राखाली आमचं उत्तर आहे.

कुपवाड एमआयडीसीत सीएनसी टर्निंग सेंटरवर (प्रोग्रॅमवर चालणारा लेथ) सहा वर्षं ऑपरेटर आहे. दहावीनंतर टर्नरचा आयटीआय केलाय. शॉपमध्ये सगळ्यात जास्त प्रॉडक्शन माझंच, रिजेक्शन नावाला. तरी माझ्यामागून आलेली दोन पोरं सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारी) झाली आणि मी अजून जॉब लावतोय-काढतोय. सुपरवायझर म्हणतात, 'तुझ्याशिवाय ते मशीन कोण चालवणार?' याला कौतुक म्हणायचं का?

कौतुकच आहे, पण तुम्हाला महागात पडलेलं. सुपरवायझरच्या जागी बसून बघा. त्यांना रोज नगांचा आकडा वर द्यायचा असतो आणि तुमच्या मशीनचा आकडा पक्का असतो. तुम्हाला तिथून उचललं तर आकडा पडणार आणि बोलणी ते खाणार. त्या दोन पोरांना उचलल्यावर कुणाचं काही अडलं नाही, म्हणून ती गेली. तेव्हा सेटिंग शिकण्याच्याही आधी तुमच्या मशीनवर दुसरा माणूस तयार करा. एखादा होतकरू हेल्पर किंवा अप्रेंटिस धरा. तो तुमच्या नव्वद टक्के नग काढायला लागला की सुपरवायझरचं कारण संपलं.

अडचण अशी की चांगल्या ऑपरेटरला काम येतं, पण ते सांगता येत नाही. वेअर ऑफसेटच घ्या, म्हणजे टूल झिजतं तशी मापात करायची दुरुस्ती. ड्रॉइंगला बाहेरचा व्यास ३२.०० आहे आणि मायक्रोमीटरवर ३२.०३ आला. लेथवर एक्स अक्ष व्यासात धरलेला असतो, म्हणून उणे ०.०३ द्यायचं, अर्धं करायचं नाही. ते '+इनपुट'ने द्यायचं, म्हणजे ते आधीच्या आकड्यात मिळवलं जातं. नवा पोरगा घाईत नुसतं 'इनपुट' दाबतो. आधीचं ऑफसेट उणे ०.१२ असेल तर ते पुसून उणे ०.०३ बसतं आणि पुढचा नग ३२.१२ निघतो. मग दहा मिनिटं सगळे इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) उलटसुलट करून बघतात. असे सात-आठ प्रसंग वहीत लिहा: काय दिसलं, कारण काय, काय केलं. शिकवायला हीच वही लागते, आणि सेटरच्या जागेसाठी तुमची बाजू मांडायलाही हीच कामाला येते.

आता सेटिंग. तीन गोष्टी हाताखालून गेल्याशिवाय सेटर म्हणून उभं राहता येत नाही. पहिली सॉफ्ट जॉ बोअर करणं, म्हणजे जॉब पकडणारे मऊ जबडे आतून मापाला कापणं. जॉब ज्या प्रेशरवर धरणार त्याच प्रेशरवर, आत रिंग पकडून बोअर करायचं, व्यास जॉबच्या पकडीच्या व्यासाइतका. प्रेशर वेगळं ठेवलं की जॉ वेगळे दबतात आणि डायलला रनआउट (फिरताना जॉबची डगमग) दिसतो. मग दोष मशीनवर जातो. दुसरी टूलचं ऑफसेट घेणं, म्हणजे टूलचं टोक कुठं आहे ते मशीनला मोजून देणं. तिसरी, जिथं सगळ्यांची छाती धडधडते ती पहिली धाव: सिंगल ब्लॉक (प्रोग्रॅमची एकेक ओळ) चालू, रॅपिड (टूलची मोकळी धाव) २५ टक्क्यांवर किंवा त्याहून खाली, एक हात फीड होल्डवर (टूल थांबवायचं बटण). टूल जॉबपासून साधारण ५० मिलिमीटरवर आलं की थांबवा. स्क्रीनवर 'डिस्टन्स टू गो' किती उरलंय ते वाचा आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या अंतराशी पडताळा. स्क्रीन ८० म्हणते आणि समोर ५० च दिसतंय, तर पुढे जाऊ नका, ऑफसेट चुकलंय. प्रोग्रॅम हातानं भरला असेल तर दशांश चिन्हं तपासा. फॅनक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर टिंब न देता लिहिलेलं एक्स ५० म्हणजे ५० मिलिमीटर नव्हे, ०.०५० मिलिमीटर.

सुपरवायझरकडे 'मला सेटर करा' म्हणून जाऊ नका, ते त्यांच्या हातात नसेलही. असं म्हणा: 'साहेब, या पोराचं प्रॉडक्शन बघा. आठवड्यातलं एक सेटिंग मला सेटरसोबत करू द्या, तेवढा वेळ मशीन तो बघेल.' याला नाही म्हणणं अवघड जातं. प्रत्येक सेटिंगची वेळ लिहा, आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला नग पास होईपर्यंत. पुढच्या जॉबचे जॉ, टूल आणि गेज मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर मांडून ठेवले तर ही वेळ झपाट्यानं उतरते. तीन महिन्यांचा असा कागद प्रॉडक्शन मॅनेजरसमोर ठेवला की सहा वर्षांच्या सेवेचा उल्लेख करावा लागत नाही.

दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हेही ध्यानात असू द्या. पण आज नोकरी सोडून तिकडे जा असं आम्ही म्हणणार नाही. आधी सेटर व्हा.

कराडजवळच्या एका पतसंस्थेत नऊ वर्षं लिपिक आहे. बी.कॉम. झालंय. कॅश जुळेना की मला हाक, ऑडिटचे कागद मी करायचे, थकबाकीदारांची यादीही मीच. पगार वाढतो तो सगळ्यांबरोबर. मागायला गेले की घसा कोरडा पडतो. मिस्टर म्हणतात, सोडून दे.

सोडायचं की नाही ते नंतर बघू. ताई, तुम्ही अजून मागितलेलंच नाही. घसा कोरडा पडतो कारण तुम्ही तोंडी मागायला जाता. तोंडी मागणं म्हणजे 'नऊ वर्षं झाली हो' आणि 'त्या अमक्याला कसं दिलं?' यावर संचालकांचं उत्तर ठरलेलं असतं: 'बघू या.' लेखी द्या. वेळही साधा. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर व्हायचं असतं आणि वार्षिक सभा सप्टेंबरअखेर. या दोन तारखांच्या मधल्या काळात तुमचं काम संचालकांना सगळ्यात ठळक दिसतं. मार्चच्या धांदलीत अर्ज दिला तर तो फाइलखाली जाईल.

आधी संस्थेचे सेवानियम मागून घ्या आणि कुठलं काम कुठल्या पदाचं आहे ते वाचा. मग एका पानात एवढंच:

'मा. चेअरमन साहेब, मी नऊ वर्षे लिपिक पदावर काम करीत आहे. लिपिक पदाच्या कामाखेरीज पुढील कामे गेले वर्षभर माझ्याकडे आहेत: रोजची कॅश व खतावणी जुळवणी, लेखापरीक्षणाच्या सर्व याद्या व दोष दुरुस्ती अहवालाचा कच्चा मसुदा, दरमहा थकबाकी यादी व नोटिसा. सेवानियमांनुसार ही कामे वरिष्ठ लिपिक पदाची आहेत. तरी त्या पदावर नेमणूक व त्या श्रेणीचे वेतन मिळावे. हा विषय पुढील मासिक सभेपुढे ठेवावा, ही विनंती.'

प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. विषय सभेपुढे गेला की हो किंवा नाही इतिवृत्तात लिहावं लागतं. 'बघू या' लिहिता येत नाही.

आणि वरच्या कुपवाडच्या भावाचंच दुखणं तुम्हालाही आहे. कॅश जुळत नाही तेव्हा तुम्ही काय करता ते काउंटरवरच्या दोघींना शिकवून टाका. फरक नवानं पूर्ण भागला जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची: ५,४६० च्या जागी ४,५६० पडले की फरक येतो बरोबर ९००. तसं नसेल तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. १,२५० जमेऐवजी नावे पडले की फरक दिसतो २,५०० चा. तेही नसेल तर पूर्ण रकमेची राहिलेली स्लिप. नोटा पुन्हा मोजायच्या त्या यानंतर. बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात आणि साडेसहा वाजवतात. हे त्यांना आलं म्हणून तुमची किंमत उतरणार नाही, तुमची संध्याकाळ मोकळी होईल.

त्या मोकळ्या वेळात जी.डी.सी. अँड ए. करा. सहकार खात्यामार्फत होणारी ही पदविका पतसंस्थेत काम करणाऱ्याला फार चपखल बसते. सहा पेपर असतात: हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, सहकार कायदा, बँकिंग व पतसंस्था, गृहनिर्माण व इतर संस्था. हिशेब आणि लेखापरीक्षण तुमच्या हातातले आहेत. बहुतेकांची गाडी कायद्याच्या पेपरला अडते, कारण कलमं पाठ करतात आणि प्रश्न येतो उदाहरण देऊन. वसुलीची कलमं तुम्ही रोज नोटिशीत लिहिताच, तिथून सुरुवात करा. दिवसाला एक तास धरला तर सहा-सात महिने पुरतात. ही पदविका हातात आली की 'सोडून दे' या सल्ल्यालाही अर्थ येईल, कारण मग दुसरीकडे लेखापाल म्हणून जाता येईल.

साताऱ्यात राहतो, शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनीअर आहे. सव्वाचार वर्षं झाली. हातात ३१ हजार येतात, बेसिक १८,२०० आहे. खंबाटकी घाट पार करून रोजचं येणं-जाणं, जीव विटलाय. चाकणहून साडेसहा लाखांच्या पॅकेजची ऑफर आहे. तिकडं भाडं ९ हजारांच्या आसपास पडेल. घ्यावी का?

आधी पॅकेज सोलून बघू. साडेसहा लाख भागिले बारा म्हणजे महिना ५४,१६७. ऑफर लेटर मागवा आणि त्यात चार ओळी शोधा. बेसिक निम्मं धरलं तर २७,०८३. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, ३,२५०. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, साधारण १,३००. विम्याचे पाचशे धरा. व्हेरिएबल पे दहा टक्के असेल तर महिन्याचे ५,४१७, आणि ते वर्षअखेरीला, तेही पूर्ण मिळतीलच असं नाही. उरले ४३,७०० च्या आसपास. त्यातून तुमचा पीएफ ३,२५० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात ४० हजार. म्हणजे वाढ ९ हजारांची, आणि भाडंही तेवढंच. वर मेस, दर शनिवारी साताऱ्याची गाडी. पैशासाठी जात असाल तर जाऊ नका.

पण जीव विटलाय तो पैशामुळं नाही. साठेक किलोमीटर एका बाजूला, घाट मोकळा असला तर सव्वा तास. रोजचे अडीच तास, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे साडेबासष्ट तास. म्हणजे महिन्याकाठी जवळजवळ आठ शिफ्ट तुम्ही बसमध्ये करता. हे कमी करायचे दोन मार्ग आहेत: शिरवळ, खंडाळा किंवा वाईच्या बाजूला राहायला येणं, नाहीतर नोकरी बदलणं. पहिल्याचा हिशेब तुम्ही घातलेलाच दिसत नाही. घरी आई-वडील असतील तर तो सोपाही नाही, मान्य. तरी आकडे मांडून बघा.

चाकणला जायचं तर ते कामाच्या वजनासाठी. मुलाखतीत विचारा की दिवसभर लाइनवरची तपासणी आणि कस्टमरच्या तक्रारींची उत्तरं करायची आहेत, की नव्या पार्टचं एपीक्यूपी (दर्जाचं आगाऊ नियोजन), पीपॅप (पार्टला कस्टमरची मंजुरी), एफएमईए (कुठं काय बिघडू शकतं याचा अभ्यास) हातात येणार आहे? एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), एसपीसी (आकडेवारीवरून प्रोसेसवर नियंत्रण) तुम्ही स्वतः करणार की तयार शीटमध्ये नुसते आकडे भरणार? ऑटो कंपन्यांच्या क्वालिटीत ही पाच हत्यारं आणि आयएटीएफ १६९४९ चा (वाहन उद्योगाचं दर्जाचं मानक) अंतर्गत ऑडिटर एवढं ज्याच्याकडे खरोखर असतं, त्याला पुढची नोकरी सातारा-शिरवळ पट्ट्यातच चांगल्या पगारावर मागता येते. ते मिळत असेल तर दोन वर्षं भाडं भरण्यात तोटा नाही. नाही तर तुम्ही फक्त कंपनी बदलाल.

आणखी एक हिशेब. तुमची सव्वाचार वर्षं झाली आहेत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात. शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं: १८,२०० वर वर्षाचे १०,५००, पाच वर्षांचे ५२,५००. नऊ महिन्यांसाठी ही रक्कम सोडायची का, ते ठरवा. नोटिशीचा काळ सेवेत धरला जातो, म्हणजे राजीनामा त्याआधी देता येतो. फक्त सुटकेची तारीख पाच वर्षांपलीकडे पडली पाहिजे.

पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर बसतो. आणि ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय इकडे राजीनामा नको. फोनवरच्या 'कन्फर्म समजा'ला काही अर्थ नसतो.

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. वय २४. दिवसभर पट्ट्याच पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीच्या हिशेबाचे कागद. मालक चांगले आहेत, पगार वेळेवर आहे, तरी सकाळी उठून जावंसं वाटत नाही. माझ्यातच खोट आहे का?

खोट नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली हाच गुंता उलगडून दाखवला होता. पगार, मालकाची वागणूक, बसायची सोय बिघडली की माणूस नाराज होतो. पण ती सुधारली म्हणून तो खूश होतोच असं नाही. खुशी येते ती काम तडीस गेल्यानं, त्याची दखल घेतली गेल्यानं आणि अंगावर जबाबदारी पडल्यानं. तुमच्याकडं पहिला भाग आहे, दुसरा नाही.

तुम्हाला पट्टी म्हणजे कागद दिसतो, शेतकऱ्याला त्यात वर्ष दिसतं. लावण, भांगलण, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, सगळं त्या शेवटच्या ओळीत येतं. एक चूक बघा. वजन १२ क्विंटल ४ किलो आहे आणि एक्सेलमध्ये कुणी १२.४ मारलं, तर ते १२ क्विंटल ४० किलो होतं. क्विंटलला १३,२५० चा भाव धरला तर ४,७७० रुपयांचा फरक. व्यापाऱ्याकडे वजन पडताळताना हे सापडतं आणि आठ दिवसांनी शेतकऱ्याला बोलावून पैसे परत मागायची पाळी येते. चूक उलटी झाली तर तो फसला, आणि त्याला कळतही नाही. उपाय दहा मिनिटांचा आहे: क्विंटल आणि किलो वेगळ्या रकान्यांत घ्या, किलोच्या रकान्यात ९९ पेक्षा मोठा आकडा जाणारच नाही असं डेटा व्हॅलिडेशन लावा, आणि गुणाकार तिसऱ्या रकान्यात. बारदानाची घट पोत्यांच्या संख्येवरून आपोआप वजा होऊ द्या, तीच जास्त वेळा राहून जाते.

त्यानंतर सौदा झाल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत किती वेळ जातो ते आठवडाभर लिहून ठेवा. गाडी भाड्याची असते, माणूस दाराशी ताटकळत असतो. तो वेळ निम्म्यावर आणता आला तर मालकांना कागद दाखवा आणि जीएसटीचं रिटर्न, व्यापाऱ्यांकडची येणी यांपैकी एक काम मागून घ्या. पट्टी शक्यतो स्वतः शेतकऱ्याच्या हातात द्या, हमाली-तोलाईचे आकडे वाचून दाखवा. हे सहा महिने करूनही सकाळी तसंच वाटलं तर खुशाल दुसरं काम शोधा.

मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. ड्यूटी संपते, पण डोकं वॉर्डातच राहतं. घरी पोरांवर ओरडते. नाइट लागली की आठवडा वाया.

डोकं वॉर्डात राहतं ते बहुधा अर्धवट राहिलेल्या कामांपायी. 'सगळं ठीक आहे' असं म्हणून दिलेला हँडओव्हर घरी तुमच्याबरोबर येतो. बेडवार तीन रकाने करा: काय झालं, काय राहिलं, कधी बघायचं. 'बेड ७, पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, लॅबला ५.४० ला फोन केला, ८ ला पुन्हा विचारणे.' पुढच्या सिस्टरकडून 'राहिलं'चा रकाना मोठ्यानं वाचून घ्या. पाच मिनिटं जास्त जातात, पण रात्री साडेनऊला 'त्या सातचं काय झालं?' म्हणून फोन करावासा वाटत नाही. नातेवाइकांनाही 'डॉक्टर येतील' असं मोघम सांगण्याऐवजी वेळ द्या: 'साडेदहाला राऊंड आहे, पावणेअकराला मला विचारा.' दर दहा मिनिटांनी कुणी येत नाही.

नाइटसाठी इनचार्ज सिस्टरना विचारून रोटेशन सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमानं लावून घ्या. उलट्या क्रमात शरीराला जास्त त्रास होतो. पहिल्या नाइटच्या दुपारी दीड तास झोपा. रात्री दोन-तीनच्या सुमारास नियम आणि सोबतची सिस्टर परवानगी देत असेल तर वीस मिनिटं डोळे मिटा, त्याहून जास्त नको, नाहीतर उठल्यावर अर्धा तास गुंगी राहते. तीननंतर चहा बंद. सकाळी घरी जाताना गॉगल घाला आणि खोलीला जाड पडदा लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप उठल्यावर बघितला तरी चालतो.